हक्कसोडपत्र : धमकी, भीड आणि सही

प्रश्न : निफाड तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग आहे. ते गेल्यावर आईने ‘हिस्सा मागितलास तर विहिरीत उडी घेईन’ असे बजावले. भाऊ म्हणाला, माहेर तुटेल. खरे सांगायचे तर मलाही त्याच्याशी वैर नको होते. दोन वर्षांपूर्वी मी नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली. पैसे मिळाले नाहीत. ते रद्द होईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : या तीन गोष्टी कायदा वेगवेगळ्या तोलतो. वैर नको, हे तुमचे तुम्हालाच वाटले. भिडेपोटी किंवा मायेपोटी केलेली सही कितीही जिवावर आली असली, तरी कायद्याच्या लेखी ती राजीखुशीचीच. ‘माहेर तुटेल’ हे बोलणे जिव्हारी लागते, पण तो गुन्हा नाही. म्हणून करार कायदा, १८७२ च्या कलम १५ मधल्या जबरदस्तीत ते बसत नाही.

आईच्या धमकीचे तसे नाही. नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून स्वतःच्या भावाच्या नावे हक्क सोडवून घेतला, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने १९१७ मध्ये ती जबरदस्ती ठरवली. म्हणजे धमकी आईची आणि फायदा भावाचा, ही अडचण नाही. मात्र तो निकाल जुन्या दंडसंहितेवर उभा होता. भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे तसे सरसकट कलम उरलेले नाही, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका. कलम १६ चा ‘अनुचित प्रभाव’ही मांडा. सगळा व्यवहार भाऊ बघत होता, त्याचे तुमच्यावर वर्चस्व होते आणि सौदा उघडच अन्यायाचा होता, हे दिसले तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करणे त्याच्यावर येते.

बहुतेक दावे दावापत्रातच लंगडे पडतात. ‘माझ्यावर दबाव आणला’ एवढे लिहून भागत नाही. कोण, कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर, काय बोलले, हे दावापत्रात हवे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६, नियम ४ तेच सांगतो. दुय्यम निबंधकापुढे फोटो-अंगठा झाला, आता काय उरले, असे भाऊ म्हणेल. नोंदणीने सही तुमची एवढेच ठरते, ती मोकळेपणाने केली हे नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफारानेही मालकी ठरत नाही.

मुदत तीन वर्षांची. धमकी तुम्हाला सहीच्या दिवशीच ठाऊक होती, म्हणून त्याच दिवसापासून मोजा. हाती जेमतेम वर्ष आहे. आधी हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत काढा. दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद नसेल, तर मधल्या काळात बाग घेणारा निकालाला बांधील राहत नाही, आणि हे अनेकदा राहूनच जाते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.