वीस हजारांचं कर्ज आणि ताशी साडेतीन डॉलर

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी ग्रीनकार्ड आलं. मी ४१ वर्षांची आहे, पुण्यातून मानसशास्त्रात बी.ए. केलंय. सध्या डे-केअरमध्ये ताशी १८ डॉलरवर पूर्णवेळ काम करते. नवऱ्याचा पगार वर्षाला ९२ हजार, बचत ३१ हजार. काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात मानसिक आरोग्यातली दोन वर्षांची असोसिएट पदवी करायची आहे. ६० क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), क्रेडिटला २१० डॉलर. दोन वर्षांत मिळून २० हजारांपर्यंत सरकारी कर्ज मिळेल म्हणतात. समुपदेशकाचा पगार ५९ हजार असतो असं वाचलं. कर्ज काढू का?

उत्तर: ५९ हजारांपासूनच सुरुवात करू. तुमचा सगळा बेत त्या आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा तुमच्या पदवीचा नाही. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य समुपदेशकांचा मध्यम पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) तेवढाच, ५९ हजारांच्या आसपास दिसतो. पण त्या गटात मास्टर्स करून परवाना घेतलेली मंडळीही मोजलेली आहेत. न्यू जर्सीत परवानाधारक समुपदेशक व्हायला मास्टर्स लागतंच, शिवाय देखरेखीखाली हजारो तास काम. असोसिएट पदवीवर बहुतेकांना जे काम मिळतं ते साहाय्यकाचं: रुग्णाच्या अपॉइंटमेंटा लावणं, त्याला राहायला जागा मिळावी म्हणून फोन करणं, गटाच्या बैठकीत बसणं, नोंदी ठेवणं. त्या कामाचा देशभरातला मध्यम पगार ४५ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे ताशी साडेएकवीस.

तुम्ही आज वर्षाला साधारण साडेसदतीस हजार कमावता. फरक साडेसात हजारांचा. नवऱ्याच्या पगारावर हा वाढीव पैसा चढतो, त्यामुळे फेडरल कराचा २२ टक्क्यांचा टप्पा, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर (निवृत्ती आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्याची कपात) आणि राज्याचा कर कापून हातात पडतील पाच हजारांच्या आसपास. ताशी साडेतीन डॉलर ऐकायला बरे वाटतात; महिन्याला ते चारशे होतात.

आता कर्ज. फी आहे १२,६००. कर्ज मिळतंय २० हजार, कारण कॉलेजच्या हिशेबात राहण्याखाण्याचा खर्चही धरलेला असतो. वरचे सात हजार चारशे तुमच्या शिक्षणात जाणार नाहीत, घरखर्चात मुरतील. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता विचारतही नाही, फक्त गाडी कधी बदलली तेवढं विचारतो. २०२५-२६ च्या पदवीपूर्व कर्जांचा दर ६.३९ टक्के आहे. २० हजारांवर दहा वर्षं महिन्याला सुमारे २२६ डॉलरचा हप्ता बसेल, आणि तुमच्या उत्पन्नात बहुतेक कर्ज विनासवलत मिळेल, म्हणजे शिकत असतानाच व्याज चढत राहणार. महिन्याच्या चारशेतले निम्म्याहून जास्त असे गेले.

सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचा हा कोर्स उघडून बघा, पण वाचताना सांभाळून. कमाईचा आकडा फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा असतो. खिशातून फी भरणारे त्यात नाहीत. कर्जाचा मध्यम आकडा तर फक्त कर्ज घेऊन कोर्स पुरा केलेल्यांचा. अर्ध्यात सोडून हप्ते भरत बसलेले लोक त्यात दिसतच नाहीत, आणि कम्युनिटी कॉलेजात खरी रड त्यांचीच असते. आणखी एक: १ जुलै २०२६ पासून नवा नियम लागू होतोय. ज्या पदवीचे विद्यार्थी त्या राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या तरुणांपेक्षा कमी कमावतात, ती तीनपैकी दोन वर्षं नापास झाली तर तिला सरकारी कर्ज बंद. तुमच्या कोर्सचं काय, हे प्रवेशाआधी विचारा.

तरीही शिकू नका असं मी म्हणणार नाही. कर्ज न काढता शिका. वर्षाला १५ क्रेडिट संध्याकाळच्या वर्गांत केलेत तर ३,१५० डॉलर, महिन्याला २६३. ते पगारातून निघतात. वर ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ या करसवलतीत फीच्या २० टक्के, म्हणजे ६३० डॉलर परत येतात. तुमचं उत्पन्न तिच्या मर्यादेत बसतं. ३१ हजारांना हात लावू नका, ती तुमची सहा-सात महिन्यांची गंगाजळी आहे.

पण एक पैसाही भरण्याआधी पुण्याच्या बी.ए.चं मूल्यांकन, म्हणजे ती इथल्या किती शिक्षणाबरोबर धरायची याचा अहवाल, करून घ्या. शे-दोनशे डॉलरचं काम आहे. ज्या संस्थेचा अहवाल तुमचं कॉलेज मानतं तिच्याकडूनच करा. इंग्रजी, मानसशास्त्र आणि इतर काही विषय धरले गेले तर ६० चे ३५-४० क्रेडिट उरू शकतात. तीन वर्षांची बी.ए. चार वर्षांच्या बरोबरीची धरतात की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. एखाद्याने धरली तर असोसिएट पदवीची गरजच उरत नाही, थेट मास्टर्सचा विचार करता येईल. मास्टर्सची फी मात्र मोठी, आणि जुलै २०२६ नंतर नव्या कर्जदाराला वर्षाला २०,५०० च्या वर सरकारी कर्ज नाही. तो वेगळा हिशेब आहे, त्याचे आकडे घेऊन पुन्हा लिहा.

पदवीच्या नावात ‘अप्लाइड’ हा शब्द आहे का तेही बघा. न्यू जर्सीत साध्या ए.ए. (आर्ट्स) किंवा ए.एस. (सायन्स) असोसिएट पदवीचे क्रेडिट सरकारी विद्यापीठांना धरावे लागतात, तसा राज्याचा करारच आहे. ए.ए.एस.ला, म्हणजे ‘अप्लाइड’ पदवीला, तो लागू नाही. पुढे शिकायचं मनात असेल तर या एका अक्षरासाठी वर्षभराची फी पुन्हा भरावी लागू शकते.

राहिला तो खर्च, जो कॉलेजच्या पत्रकात छापलेला नसतो. शेवटच्या टप्प्यात फिल्डवर्क असतं, बहुधा दिवसाचं आणि बिनपगारी. आठवड्याचे दोन दिवस, पंधरा आठवडे धरले तर तुमचे ४,३२० डॉलर बुडतात. म्हणजे एका वर्षाच्या फीपेक्षा जास्त. ते आत्तापासून महिन्याला शंभर बाजूला टाकून जमवा, आणि डे-केअरच्या मालकीणबाईंना विचारून ठेवा की त्या सेमिस्टरला तीन दिवसांवर ठेवतील का. पूर्ण नोकरी सोडायची वेळ आली तर वरचा सगळा हिशेब बदलेल.