इंजिन बदलण्याची मोकळीक हवी असेल तर सगळे स्ट्रीमिंग जॉब अपाची बीममध्ये पुन्हा लिहावेत का?

आपले काही स्ट्रीमिंग जॉब (सतत येणाऱ्या नोंदींवर प्रक्रिया करणारे प्रोग्राम) फ्लिंक या इंजिनावर आणि काही स्पार्क या इंजिनावर चालतात, आणि ते सगळे बीममध्ये, म्हणजे अनेक इंजिनांवर चालणाऱ्या सामाईक मांडणीत, लिहिल्यास पुढे इंजिन बदलणे सोपे होईल का, असे आपण विचारले आहे. कोडपुरते ते सोपे होईल. परंतु माझ्या मते खरी अडचण कोडमध्ये नसून जॉबने साठवलेल्या स्टेटमध्ये (चालू बेरजांसारख्या मधल्या माहितीत) आणि दोन जॉबांमधून जाणाऱ्या नोंदींच्या स्वरूपात असते.

गूगलच्या २०१५ च्या डेटाफ्लो शोधनिबंधातील विंडो (नोंदींचे वेळेनुसार गट), ट्रिगर (निकाल केव्हा द्यायचा याचा नियम) आणि वॉटरमार्क (कोणत्या वेळेपर्यंतच्या नोंदी आल्या याचा अंदाज) यांची मांडणी बीमने स्वीकारली, म्हणून एकच पाइपलाइन अनेक रनरवर, म्हणजे ती प्रत्यक्ष चालवणाऱ्या इंजिनांवर, चालवता येते. मात्र प्रत्येक रनर प्रत्येक सुविधा देतोच असे नाही. बीम प्रकल्पाचा तुलनातक्ता आधी वाचावा. शिवाय फ्लिंकचा सेव्हपॉइंट (स्टेटची जतन केलेली प्रत) स्पार्कला वाचता येत नाही, त्यामुळे ३० दिवसांची बेरीज सांभाळणारा जॉब दुसऱ्या इंजिनावर नेला की ती बेरीज नव्याने उभी करावी लागते, मग कोड कितीही सुटसुटीत असो.

यावर मला पटलेला मार्ग असा, की जॉबांमध्ये नोंदी पोहोचवणाऱ्या काफ्का या प्रणालीचा लॉग (क्रमाने साठवलेल्या नोंदी) हीच दोन इंजिनांमधील सीमा मानावी. नवा जॉब जुन्याच्या शेजारी चालवून त्याला मागच्या ऑफसेटपासून (नोंदीच्या क्रमांकापासून) लॉग पुन्हा वाचायला लावावा, निकाल वेगळ्या टॉपिकमध्ये (काफ्कातील नोंदींच्या वेगळ्या प्रवाहात) लिहावेत आणि ते जुळल्यावरच पुढच्या जॉबांना तिकडे वळवावे. काफ्कामध्ये नोंदी टिकण्याची डीफॉल्ट मुदत ७ दिवसांची असते, आणि तेवढ्यातून ३० दिवसांची बेरीज पुन्हा बांधता येणार नाही. तेव्हा मुदत वाढवायची की जुन्या नोंदी अन्यत्र साठवायच्या, हे स्थलांतराच्या बरेच आधी ठरवावे.

नोंदी अॅव्हरो किंवा प्रोटोबफ या स्वरूपात ठेवून स्कीमा रजिस्ट्रीत (नोंदींची रचना, म्हणजे स्कीमा, जिथे नोंदवतात तिथे) सुसंगततेचा नियम लावावा. बॅकवर्ड नियमात नवा स्कीमा जुन्या नोंदी वाचू शकतो, म्हणून आधी वाचणारे जॉब अद्ययावत करावेत. फॉरवर्ड नियमात क्रम उलटा. जावाचे स्वतःचे सीरियलायझेशन (माहिती बाइटमध्ये बदलण्याची पद्धत) सीमेवर येऊ देऊ नये. वॉटरमार्कही काफ्कातून आपोआप पुढे जात नाही, पुढचे इंजिन तो नोंदींवरून पुन्हा काढते, त्यामुळे घटनेची वेळ नोंदीतच असलेली बरी. ‘एक्झॅक्टली वन्स’ची (प्रत्येक नोंदीचा परिणाम नेमका एकदाच होण्याची) हमीही बाहेरच्या डेटाबेसपर्यंत आपोआप पोहोचत नाही (जाहिरातींत हे फारसे ठळक नसते), तेव्हा तिथले लेखन पुन्हा झाले तरी परिणाम तोच राहील असे असावे.

फ्लिंकवरच राहणार असाल, तर स्टेट असलेल्या प्रत्येक ऑपरेटरला (जॉबमधील प्रक्रियेच्या टप्प्याला) स्वतःचा यूआयडी, म्हणजे कायमची ओळख, द्यावा. अन्यथा तो जॉबच्या रचनेवरून आपोआप बनतो आणि रचना बदलली की जुने स्टेट जुळेनासे होते. कमाल पॅरलेलिझमही (काम जास्तीत जास्त किती समांतर भागांत विभागता येईल) सुरुवातीलाच सढळपणे ठरवावे, कारण ते नंतर बदलल्यास जुना सेव्हपॉइंट एरवी उपयोगी पडत नाही. बीमचा विचार मी तेव्हाच करेन, जेव्हा एकाच पाइपलाइनमध्ये पायथन आणि जावा दोन्ही वापरायचे असतील, किंवा इंजिन खरोखरच बदलायचे ठरले असेल.