“आधी थोडा फिट होतो, मग जातो”

“जरा वजन उतरू दे, थोडा दम वाढू दे, मग जातो.” व्यायामाची मनापासून इच्छा असूनही सुरुवात न करू शकणाऱ्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते बोलताना त्यांचा आवाज कोणत्या शब्दावर खाली येतो, हेही आता माझ्या लक्षात येते. बॉक्सिंग शिकायचे असेल तर ही घालमेल आणखी वाढते, कारण तिथे दम लागलेला लपवता येत नाही. समोर आरसा असतो, शेजारी चपळ तरुण मुले असतात आणि दर तीन मिनिटांनी घंटा वाजत असते. ज्या गृहस्थांचा अनुभव इथे सांगत आहे, त्यांची लिहिण्यास परवानगी घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते 42 वर्षांचे होते, काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आणि वजन 96 किलो. माझ्याकडे समुपदेशनाला ते आले होते झोपेच्या तक्रारीसाठी. बॉक्सिंगचा विषय तिसऱ्या भेटीत, तोही उठता उठता निघाला. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ग्लोव्हज आणले होते आणि ते अजून वेष्टनातच होते. या काळात ते तीनदा बॉक्सिंग जिमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. “आतून पंचिंग बॅगवर ठोसे बसल्याचा आवाज आला की पाय पुढे जात नाहीत मॅडम,” ते म्हणाले, “वाटतं, मी एका मिनिटात धापा टाकत बसणार आणि सगळे बघणार. म्हणून ठरवलंय, आधी घरीच दहा किलो उतरवायचे.” त्या आठ महिन्यांत घरी किती दिवस व्यायाम झाला, असे मी विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे मोजून सांगितले, नऊ दिवस.

हा आळस नव्हता, आणि त्यांनी स्वतःला आळशी म्हणणे मी त्याच दिवशी थांबवले. दारातून परत फिरताच छातीवरचे दडपण उतरते, ती सुटका खरी असते आणि तीच मनाला पुढच्या वेळीही परत फिरायला शिकवते; त्यामुळे प्रत्येक माघारीनंतर तेच दार अधिक अवघड वाटू लागते. “आधी फिट होतो” या वाक्याची अडचण अशी की ते तयारीसारखे दिसते आणि काम मात्र टाळण्याचे करते. शिवाय ज्या तयारीची माणूस वाट पाहत असतो, ती घरी बसून पुरती होतही नाही. चालण्याने दमसास सुधारतो, यात शंका नाही. पण रोज पळणारा माणूससुद्धा बॅगवरच्या पहिल्या राउंडमध्ये थकतो, कारण नवशिक्या मुठी सतत आवळून ठेवतो, खांदे कानांपर्यंत उचलतो आणि ठोसा मारताना श्वास सोडण्याऐवजी रोखून धरतो. हे सुटते ते बॅगसमोर उभे राहूनच.

मात्र भीती वेगळी आणि सावधगिरी वेगळी, आणि हा फरक मी कोणाच्याही उत्साहापायी पुसू देत नाही. त्यांच्या वडिलांना साठीच्या आत हृदयविकार झाला होता आणि त्यांनी स्वतः कित्येक वर्षांत रक्तदाब मोजला नव्हता. म्हणून पुढचे सगळे थांबवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. तपासण्या झाल्या, जोर हळूहळू वाढवण्याच्या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबून दाखवायला यायचे, हे स्पष्ट सांगितले.

त्यानंतर आम्ही “सगळे बघणार” या वाक्याकडे वळलो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले गेले. आपला टी-शर्ट निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो जवळपास एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आला होता. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे चौघांत एकजण तरी बघणारच ना?” प्रश्न रास्त होता. कोणीच बघणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नव्हते आणि खोटी हमी मला द्यायचीही नव्हती. म्हणून लोक बघतील की नाही हा वाद आम्ही सोडून दिला आणि दम लागला, थांबावे लागले आणि तेव्हा कोणी पाहिले, तर त्या क्षणी नेमके काय करायचे, हे ठरवायला घेतले.

इथे त्यांनी शाळेतली एक आठवण सांगितली. सहावीत असताना मैदानाच्या फेऱ्यांमध्ये ते सर्वांत मागे राहिले होते आणि त्यांची शेवटची फेरी पाहण्यासाठी शिक्षकांनी सगळ्या वर्गाला ओळीने बसवले होते. तेव्हापासून चारचौघांत थांबणे म्हणजे शिक्षा, हे गणित त्यांच्या मनात पक्के बसले होते. मग माझ्या लक्षात आले की त्यांना ठोसे मारायला शिकवणारे पुष्कळ जण भेटतील, पण आधी शिकायचे आहे ते लोकांसमोर न लाजता थांबणे.

या बाबतीत बॉक्सिंगची रचनाच आमच्या मदतीला आली. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांचा राउंड आणि त्यानंतर एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली, आणि जिममधली घंटा बहुधा याच हिशेबाने वाजते. विजेतेपदासाठी लढणारा बॉक्सरसुद्धा घंटा झाली की आपल्या कोपऱ्यात जाऊन स्टुलावर बसतो, हजारो लोकांसमोर धापा टाकतो आणि पाणी पितो. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे बसणं नियमातच आहे.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली मांडलेला एक विचार मला रोजच्या कामात सतत उपयोगी पडतो. ‘आपल्याला जमेल’ हा विश्वास इतरांच्या धीर देण्याने थोडाफार वाढतो, पण त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः केलेली, जमलेली कृती. म्हणून जमतील एवढ्याच पायऱ्या आम्ही ठरवल्या. आधी एक वर्ग नुसता बाकावर बसून पाहायचा, नंतर गर्दी नसताना कोचना भेटायचे आणि पहिल्या दिवशी तीनच राउंड करून उरलेले बसून काढायचे, मग अंगात कितीही जोर उरलेला असो. कोचना सांगायचे वाक्यही त्यांनी माझ्यासमोर म्हणून पाहिले: “सॉरी सर, मी बऱ्याच वर्षांनी व्यायाम सुरू करतोय, मध्ये दम लागला तर मी बाजूला बसेन.” त्यातले ‘सॉरी’ काढायला आम्हाला पाच-सहा प्रयत्न लागले.

एका भेटीत ते हाताला बांधायच्या पट्ट्या घेऊन आले. साडेचार मीटर लांबीच्या त्या पट्टीची गुंडाळी उलटी झाली होती, म्हणजे अंगठ्यात अडकवायचे टोक आत आणि चिकटवायचे टोक बाहेर, आणि घरी दोन संध्याकाळी याच गोष्टीवर हरून त्यांनी ती ठेवून दिली होती. मी एक टोक धरले, त्यांनी खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत पट्टी उलगडली आणि पुन्हा सुलटी गुंडाळली. मग अंगठा, मनगटाला तीन वेढे, तळहाताच्या मागून बोटांच्या सांध्यांवर तीन वेढे, बोटांच्या बेचक्यांतून एकेक वेढा आणि शेवटी पुन्हा मनगट. ठोसा मारताना मनगट वाकू नये आणि हाताची लहान हाडे एकमेकांना धरून राहावीत, यासाठी ही पट्टी असते. बांधून झाल्यावर त्यांनी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. आठ महिन्यांत बॉक्सिंगमधले हे पहिले काम त्यांनी पुरे केले होते. त्याच भेटीत मी त्यांना जागच्या जागी एक मिनिट जोरात पावले उचलायला लावली आणि मग बसून बोलायला सांगितले. सुरुवातीला दोनच शब्द बाहेर पडत होते. थोड्या वेळाने पूर्ण वाक्य आले. जी धडधड ते दारात भीती म्हणून ओळखत होते, तीच इथे श्रमाने झाली आणि बसल्यावर आपोआप ओसरली, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला. चौथ्या राउंडला ते बाकावर बसले असताना एक मुलगा आला आणि म्हणाला, “काका, तुमची बॅग घेऊ का? तुमचा राउंड आला की सांगा.” आधी त्यांना वाटले की आपल्याला बाजूला केले, घरी गेल्यावर ‘तुमची बॅग’ आणि ‘तुमचा राउंड’ हे शब्द त्यांना आठवले. पुढचे दोन दिवस खांदे, पोटऱ्या आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे हात ठणकत होते. सवय नसलेल्या स्नायूंचे हे दुखणे बहुधा 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवते आणि मग उतरते, हे मी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे “माझ्या शरीराला हे झेपत नाही” असा निकाल त्यांनी लगेच लावला नाही. आठवड्यातून दोनच दिवस जायचे आणि मध्ये पुरेसे अंतर ठेवायचे, असे ठरले. सांध्यातली तीव्र कळ मात्र या हिशेबात येत नाही. तशी कळ आली तर त्या दिवशी थांबायचेच.

चौथ्या वर्गात गडबड झाली. शेजारच्या मुलाच्या वेगाशी वेग जुळवताना त्यांनी बसण्याचा नियम मोडला, सहा राउंड सलग केले, मळमळू लागले आणि निरोप न घेता ते निघून आले. त्यानंतर अकरा दिवस ते गेले नाहीत. यात चूक माझीही होती, कारण सुरुवात कशी करायची हे आम्ही बारकाईने ठरवले होते, पण खंड पडल्यावर परत कसे जायचे याविषयी मी एक शब्दही बोलले नव्हते. खंड पडतोच, आजारपणाने, कामाने किंवा अशाच एखाद्या वाईट दिवसाने. तेव्हापासून मी प्रत्येकाशी हे आधीच ठरवून घेते की परतल्यावरचा पहिला दिवस पुन्हा तीन राउंडचा असेल आणि न येण्याचा खुलासा कोणालाही द्यायचा नाही. ते परत गेले तेव्हा कोचनी एवढेच विचारले, “पट्ट्या आणल्यात ना?”

असे कोच प्रत्येक ठिकाणी असतीलच असे नाही, आणि हे मला स्पष्टपणे सांगायला हवे. पैसे भरण्यापूर्वी एक वर्ग पाहू देतात का, मध्ये थांबलेले चालते का आणि नवशिक्यांना स्पॅरिंग सक्तीचे आहे का, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. स्पॅरिंग, म्हणजे समोरच्याशी प्रत्यक्ष ठोशांची देवाणघेवाण, शरीर सुधारण्यासाठी मुळीच आवश्यक नाही. दोरीउड्या, शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारण्याचा सराव), बॅग आणि कोचनी हातात धरलेले पॅड एवढ्यातच भरपूर व्यायाम होतो आणि डोक्याला मार बसण्याचा धोका पत्करावा लागत नाही. पहिल्या आठवड्यातच रिंगमध्ये उतरवणारे किंवा थकलेल्या माणसाची सर्वांसमोर टिंगल करणारे ठिकाण असेल, तर ते सोडून देणे हा पळपुटेपणा नाही. आपल्या मनाचा दोष शोधत तिथे टिकून राहा, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पाच महिन्यांनी आमच्या भेटी थांबल्या, तेव्हा त्यांचे वजन चार किलोंनी उतरले होते; दहाचा आकडा त्यांनीही पुन्हा काढला नव्हता. आठपैकी सहा राउंड होत होते आणि दोन ते बसून काढत होते. झोप बरीच सुधारली होती. शेवटच्या भेटीत डाव्या हाताचा जॅब (सरळ ठोसा) परत आणताना उजवा हात गालापासून खाली का येतो, यावर ते बराच वेळ बोलले आणि खुर्चीतून उठून त्यांनी मला ते करूनही दाखवले. मग घड्याळाकडे पाहून, दहा मिनिटे लवकर निघालो तर चालेल का, असे त्यांनी विचारले. सातचा वर्ग होता आणि त्याआधी पट्ट्या बांधायच्या होत्या.