वाचक विचारतात : पंचावन्नाव्या वर्षी दहावं ऑलिंपिक, हे जमतं कसं?

मागच्या अंकात रोहन बोपण्णावर चार ओळी लिहिल्या होत्या, की २०२५मध्ये ४५व्या वर्षी त्याने रॅकेट ठेवली, आणि त्याच्या आदल्या वर्षी ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकून तो जगात एक नंबरही झाला होता. त्यावर इतके मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले तेच घेतोय.

सगळ्यात जास्त काळ टॉप लेव्हलला कोण खेळलं? नेटवर दर ठिकाणी वेगळंच नाव दिसतं.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, नावं वेगळी दिसतात कारण प्रत्येक जण वेगळ्या फुटपट्टीने मोजतो. किती ऑलिंपिक खेळलं असं मोजलं तर १० या आकड्यावर दोघं आहेत. एक कॅनडाचे घोडेस्वार इयान मिलर, १९७२ म्युनिक ते २०१२ लंडन, मधलं १९८०चं मॉस्को गेलं कारण कॅनडाने बहिष्कार घातला होता. दुसरी जॉर्जियाची पिस्तूल शूटर निनो सालुक्वाद्झे, १९८८ सोल ते २०२४ पॅरिस, एकही न चुकवता सलग दहा.

पहिलं आणि शेवटचं ऑलिंपिक यातलं अंतर मोजायचं तर जपानचे हिरोशी होकेत्सु येतात. १९६४ला टोकियोत घोडेस्वारीत उतरले आणि २०१२ला लंडनमध्ये ७१व्या वर्षी परत उतरले, म्हणजे ४८ वर्षं. पण मधे २००८ येईपर्यंत ते एकही ऑलिंपिक खेळले नव्हते, ती वर्षं नोकरीत गेली, त्यामुळे याला सलग करियर म्हणायचं का हा वाद आहे आणि माझं मत विचाराल तर म्हणू नये. जिद्द जबरदस्त आहे, ते वेगळं.

मिलर यांचं मात्र मला फार आवडतं. पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं तेव्हा गडी ६१ वर्षांचा होता, २००८चं बीजिंग, सांघिक रौप्य, आणि ते त्यांचं नववं ऑलिंपिक! आठ वेळा हात हलवत घरी आले आणि तरी नवव्यांदा गेले. आता लोक म्हणतात की पळायचं काम घोड्याने करायचं, घोडा म्हातारा झाला की दुसरा घ्यायचा. खरंय थोडंसं, पण साठीच्या पुढे एवढ्या उंच अडथळ्यांवरून उडणाऱ्या घोड्यावर बसून राहायला पाठ आणि मांड्या काय लागतात ते एकदा बसून बघा.

निनोबद्दल जास्त लिहायला हवं कारण आपल्याकडे तिचं नाव कोणाला माहीतच नाही. १९८८ला १९ वर्षांची होती, सोव्हिएत युनियनकडून खेळली, एक सुवर्ण एक रौप्य. १९९२ येईपर्यंत तो देशच संपला, मग बार्सिलोनात माजी सोव्हिएत देशांच्या एकत्र संघातून, आणि १९९६पासून स्वतःच्या जॉर्जियाकडून. पहिल्या पदकांनंतर २० वर्षांनी बीजिंगमध्ये एअर पिस्तूलचं ब्राँझ मिळालं, आणि नेमकं त्याच दिवसांत रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध पेटलेलं, आणि रौप्य मिळवणारी नताल्या पादेरिना रशियाची. दोघींनी पोडियमवर एकमेकींना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला. मग २०१६ला रिओमध्ये तिचा मुलगा त्सोत्ने पण नेमबाजीच्या टीममध्ये, आई आणि मुलगा एकाच ऑलिंपिकमध्ये हे आधी कधी झालेलं नव्हतं. टोकियोनंतर तिने थांबायचं ठरवलं होतं, डोळे साथ देत नव्हते. पण वडील हेच तिचे पहिल्यापासूनचे कोच, नव्वदी पार केलेले, ते म्हणाले पॅरिसला तीनच तर वर्षं आहेत, अजून एकदा बघ. त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं म्हणे, मग काय, लागली परत तयारीला. पॅरिसमध्ये फायनल गाठता आली नाही, पण ५५व्या वर्षी कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली जागा, मिळवून लाइनवर उभी होती.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, जिम्नॅस्टिक्स करते. नातेवाईक म्हणतात सोळाव्या वर्षी हे सगळं संपतं, आता दहावीचं बघा. खरंच संपतं का?
— एक आई, कल्याण

ताई, नातेवाइकांना फक्त एक नाव सांगा, ओक्साना चुसोवितिना. उझबेकिस्तानची, जन्म १९७५. १९९२ला बार्सिलोनात टीमचं सुवर्ण जिंकलं तेव्हा १७ची होती, आणि तेव्हा अमेरिकेची स्टार जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. त्यानंतर १९९६, २०००, २००४, २००८, २०१२, २०१६ आणि टोकियो, सलग आठ ऑलिंपिक. टोकियोत ती ४६ची होती, ज्या खेळात पंचविशीतल्या मुलीला वयस्कर म्हणतात त्या खेळात!

पण ती एवढी खेळली का, हे नुसतं प्रेम प्रेम म्हणून सोडून देऊ नका. २००२मध्ये तिच्या छोट्या मुलाला, अलिशरला, ल्युकेमिया झाला. घरी तशा उपचारांची सोय नव्हती, जर्मनीतल्या कोलोनच्या क्लबने बोलावलं, तिकडे उपचार सुरू झाले आणि खर्च एवढा की स्पर्धा खेळून मिळणारं बक्षीस हा मोठा आधार होता. मग ती खेळत राहिली, सगळी साधनं (व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर) करायची, जिथे पैसे तिथे जायची. २००६ला जर्मनीचं नागरिकत्व घेतलं, २००८ला ३३व्या वर्षी जर्मनीसाठी व्हॉल्टचं रौप्य आणलं, मुलगाही बरा झाला. आणि गरज संपल्यावर थांबेल असं सगळ्यांना वाटलं तर ही बाई परत उझबेकिस्तानकडून खेळायला लागली.

आता हे शक्य कसं झालं, तर तिने वय वाढलं तसा पसारा कमी केला. चारही साधनांवर रोज मरमर करण्याऐवजी व्हॉल्टवर भर दिला. व्हॉल्ट म्हणजे जास्तीत जास्त २५ मीटरची धाव, स्प्रिंगबोर्ड, सव्वा मीटर उंचीच्या टेबलावर हात आणि मग हवेत जे काय करायचं ते, काही सेकंदांत खेळ खलास. बीम किंवा फ्लोअरसारखा दीड मिनिटाचा रूटीन नाही, त्यामुळे दम कमी लागतो, अनुभव जास्त लागतो. जमिनीवर उतरतानाचा मार मात्र तोच, गुडघे आणि घोटे काही वय बघत नाहीत.

आपल्या दीपा कर्माकरची २०१६ची रिओ फायनल आठवते ना, तिने प्रोदुनोव्हा मारला आणि चौथी आली, ब्राँझ ०.१५० गुणांनी गेलं? त्याच फायनलमध्ये ४१ वर्षांच्या चुसोवितिनानेपण प्रोदुनोव्हाच मारला होता, म्हणजे हातावरून उडून हवेत पुढे दोन कोलांट्या, ज्यात चुकलं तर मानेवर पडायची भीती. ती सातवी आली. आपण सगळे दीपासाठी टीव्हीला चिकटून होतो, साहजिक आहे, पण दोघींच्या वयात १८ वर्षांचं अंतर आणि व्हॉल्ट तोच, याकडे कोणाचं फारसं लक्षच गेलं नाही.

तर मुलीला खेळू द्या. ऑलिंपिकसाठी वयाची अट मुळात त्या वर्षात १६ पूर्ण व्हायला हवीत ही आहे, म्हणजे नातेवाईक जिथे संपतं म्हणतात तिथे सीनियर स्पर्धा सुरू होतात. दहावीचं पण बघा, ते नको कोण म्हणतंय.

सचिन २४ वर्षं खेळला, हा रेकॉर्ड आहे का?
— कॉलेज विद्यार्थी, नाशिक

नाही रे. १५ नोव्हेंबर १९८९ला कराचीत सुरू आणि १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर शेवट, २४ वर्षं आणि २०० कसोटी. सामन्यांच्या आकड्यात तोच पुढे आहे, पण वर्षं मोजलीस तर इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स, १८९९ ते १९३०, तीस वर्षांच्या वर. त्यांची पहिली कसोटी ही एकोणिसाव्या शतकातले दिग्गज डब्ल्यू. जी. ग्रेस यांची शेवटची होती, यावरून काळ लक्षात घे. सुरुवातीला बॉलर म्हणून तळाला बॅटिंग करायचे, पुढे चढत चढत जॅक हॉब्जबरोबर ओपनिंगला आले आणि मेलबर्नला दोघांनी ३२३ची भागीदारी केली. १९२६ला ओव्हलवर ॲशेसचा निकाल लागायचा होता तेव्हा ४८ वर्षांच्या या माणसाला परत बोलावलं आणि त्यांनी दुसऱ्या डावात ४४ धावांत ४ काढले, इंग्लंड जिंकलं.

शेवटची कसोटी १९३०ला जमैकात, वय ५२. यात एक गंमत आहे जी रेकॉर्डच्या यादीत लिहीत नाहीत, त्या सीझनला इंग्लंडने एकाच वेळी दोन टीम पाठवल्या होत्या, एक न्यूझीलंडला आणि एक वेस्ट इंडिजला, म्हणून म्हाताऱ्या मंडळींना जागा झाली. सचिनच्या २४ वर्षांत वनडे, टी-ट्वेंटी, हेल्मेट, जिम, वर्षभर विमानात, त्यामुळे मी तरी दोघांची तुलना करायच्या भानगडीत पडणार नाही. आणि महिला क्रिकेट विसरू नकोस, मिताली राज १९९९ ते २०२२, तीही सचिनपासून फार लांब नाही.

लिएंडर पेस आमचा गोंयकार, त्याच्याबद्दल लिहा की.
— एक वाचक, मडगाव

लिहितो. जन्म कोलकात्याचा पण वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२च्या म्युनिकला हॉकीचं ब्राँझ त्यांच्याकडे होतं. लिएंडर १९९२ ते २०१६ सलग सात ऑलिंपिक खेळला, टेनिसमध्ये इतकी कोणीच नाही. १९९६चं अटलांटाचं सिंगल्स ब्राँझ हे खाशाबा जाधवांच्या १९५२च्या ब्राँझनंतर भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, ४४ वर्षांनी. २००३ला मेंदूत गाठ दिसली, कॅन्सर की काय म्हणून सगळे हादरले, निघालं परजीवीचं इन्फेक्शन, आणि पुढच्या वर्षी अथेन्सला भूपतीबरोबर ब्राँझची मॅच तिसऱ्या सेटला १४-१६ अशी हरला. ती मॅच अजून डोक्यातून जात नाही.

हे लोक जागा अडवून बसतात असं नाही वाटत? तरुणांनी कधी खेळायचं?
— एक वाचक, पुणे

प्रश्न रागाने विचारलाय पण बरोबर आहे. नीट बघा, लांब करियरवाले बरेच जण छोट्या देशांचे किंवा जिथे त्या खेळात गर्दी नाही अशा ठिकाणचे. जॉर्जियात निनोच्या मागे जागतिक दर्जाच्या शूटर मुलींची रांग नव्हती. नेमबाजीत बहुतेक कोटा खेळाडूचा नसतो, देशाचा असतो, देशाने ठरवलं तर दुसऱ्याला पाठवता येतं, तरी तिलाच पाठवलं कारण तीच सगळ्यात चांगली होती. आपल्याकडे उलट आहे, कोटा एकाने आणायचा आणि ट्रायलला दुसरा जिंकला तर तो जाणार. अशा गर्दीत अभिनव बिंद्रा २००० ते २०१६ पाच ऑलिंपिक खेळला आणि शेवटच्यातही चौथा आला, हे मला कोणाच्याही दहा ऑलिंपिकइतकंच भारी वाटतं. आपला खडकीचा धनराज पिल्लेसुद्धा बघा, चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप, आणि तेही हॉकीत फॉरवर्ड म्हणून, जिथे मागे पोरांची रांग कायम.

जमैकाच्या मर्लिन ऑटीचं तर याच वादातून देश सोडण्यापर्यंत गेलं. २०००च्या सिडनीला चाळिशीतल्या ऑटीला १०० मीटरमध्ये घेतलं म्हणून टीममधल्याच लोकांनी गेम्स व्हिलेजमध्ये निदर्शनं केली. मग ती स्लोव्हेनियाची नागरिक झाली आणि २००४ला अथेन्समध्ये ४४व्या वर्षी १०० मीटरची सेमीफायनल पळाली. सात ऑलिंपिक, नऊ पदकं, सुवर्ण एकही नाही. १९९६च्या १०० मीटरला तर तिची आणि गेल डिव्हर्सची वेळ सेम होती, १०.९४, फोटो बघून डिव्हर्सला सुवर्ण दिलं. आता सांगा, अशी बाई चाळिशीत थांबेल? तिने जागा अडवली असं म्हणायचं तर आधी तिला पळून मागे टाकायला पाहिजे होतं, माझं एवढंच म्हणणं आहे.

माझं वय ५२, एअर पिस्तूल शिकायची इच्छा आहे. उशीर झालाय का?
— एक वाचक, ठाणे

काका, ऑलिंपिकचं म्हणत असाल तर हो. बाकी नाही.

अडचण कुठे येते ते सांगतो. १० मीटरवरचं टार्गेट, मधलं दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं. पण पिस्तुलात नजर टार्गेटवर ठेवायची नसते, हाताच्या अंतरावर जी पुढची साइट (नेम धरायची खूण) असते ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट मागे धूसर राहिलं तरी चालतं. चाळिशीनंतर नेमकी ही जवळची नजर जाते, त्यामुळे भले भले शूटर इथे मार खातात. त्यावर उपाय म्हणजे नेहमीचा चष्मा नाही, शूटिंगच्या फ्रेममध्ये फक्त नेमाच्या डोळ्यासाठी वेगळ्या नंबरची काच बसवतात, साइट शार्प दिसेल अशी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या, नाहीतर ते पुस्तक वाचायचा नंबर देतील आणि तुम्ही महिनाभर पिस्तुलाला शिव्या घालत बसाल.

दुसरं म्हणजे खांदा. पिस्तूल एका हाताने धरायचं, वजन दीड किलोपर्यंत असू शकतं, आणि मॅचमध्ये सव्वा तासात ६० शॉट. पहिले काही आठवडे गोळी न मारता नुसतं उचलून धरायची प्रॅक्टिस करा, भिंतीसमोर, आणि बीपीची गोळी चालू असेल तर स्पर्धेत उतरण्याआधी कोचला सांगा, कारण हात स्थिर ठेवतात म्हणून बीटा ब्लॉकर प्रकारची औषधं नेमबाजीत डोपिंगमध्ये धरतात.