लॉगबुकातले अकरा तास

तू विचारलंस, "ताई, २०० तासांचं सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालंय, दोन वर्षं घरी बसलोय. अमेरिकेत येऊन १५०० तास पूर्ण केले तर एअरलाइनमध्ये घेतील का?" दोन दिवस मी उत्तर लिहायला बसते आणि उठते.

वयाची अट, मेडिकल, लेखी परीक्षा हे सगळं तू वाचलंच असशील. १५०० या आकड्यावर मात्र चिडू नकोस. २००९ साली बफेलोजवळ विमान पडून ५० माणसं गेली, त्यांच्या घरच्यांनी लढून एअरलाइनच्या वैमानिकाला १५०० तास हवेत हा नियम करून घेतला. त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते. स्टॉलचा, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याचा, इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी कंट्रोल मागे ओढला. विद्यार्थ्याला स्टॉल शिकवताना दरवेळी मला ते आठवतं.

तास होतात रे. अडतं ते कागदांवर. आपलं सीपीएल दाखवून इथे फक्त प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळतं, तेही भारतातून खातरजमा झाल्यावर. कमर्शियलची लेखी आणि चेकराइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, नव्याने. त्या खातरजमेच्या पत्राची मुदत ६ महिने. माझं पत्र आलं, पण लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, ११ तासांपुढे इन्स्ट्रक्टरची सही नव्हती. ते सर केव्हाच भारतातला फ्लाइंग क्लब सोडून गेले होते, क्लबवाले फोन उचलेनात. माझ्या भावाने चार खेपा घातल्या. शेवटी मी ते ११ तास सोडून दिले, तोवर पत्राची मुदत संपली होती. पुन्हा पहिल्यापासून. ते तास शेतावरून उडालेले, सकाळचे, माझे स्वतःचे होते. अजून जीव तुटतो.

त्याहून मोठा प्रश्न व्हिसाचा. मी २०१२ मध्ये नवऱ्याबरोबर एच-४ वर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, टेक्सासला आले. शिकायची मुभा होती, कमवायची नव्हती. २०१५ मध्ये एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, तेव्हा कुठे मी इन्स्ट्रक्टर झाले. तू विद्यार्थी म्हणून येणार. एम-१ या व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसावर शिक्षणानंतर कामाला जास्तीत जास्त ६ महिने मिळतात, एफ-१ या कॉलेजच्या व्हिसावर साधारण वर्ष. त्यात १३०० तास कसे भरणार? आणि पुढे एअरलाइन विचारणार, कायमची कामाची परवानगी आहे का? एजंट हे सांगत नाही. पदवी असेल तर १००० तासांत भागतं, असंही तो सांगेल. ती सवलत एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, मान्य केलेल्या इथल्याच कॉलेजांची आहे, आपल्या पदवीला नाही.

आणि नुसती बेरीज बघू नकोस. माझे १५०० झाले तेव्हा क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या उड्डाणांचे, ४३० होते; एटीपी या एअरलाइन वैमानिकाच्या पूर्ण, बिनबंधनाच्या सर्टिफिकेटला लागतात ५००. दिवसभर धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या (सर्किट) शिकवून ते वाढत नाहीत. एटीपीसाठी ५० नॉटिकल मैल लांब जाऊन न उतरता परत आलास तरी ते धरतात, हे मला फार उशिरा कळलं.

एकटं वाटतं का, विचारलंस. वाटतं. सवय होते.

सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. लेक सांगलीत सीनियर केजी करून आली होती. तिचा वाढदिवस ऑक्टोबरचा, शाळा सुरू होताना सहा पूर्ण नव्हती, म्हणून टेक्सासच्या शाळेने तिला पुन्हा केजीत बसवलं. फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. झालं, गोष्टीच्या तासाला तिला उठवून वेगळ्या खोलीत इंग्रजी शिकवायला नेऊ लागले. ती रडत यायची. पुढे माझ्या नोकरीपायी ॲरिझोनाला गेलो, नव्या शाळेत पुन्हा तोच फॉर्म आला. या वेळी मी इंग्रजी लिहिलं. तोवर तिला वाचता येत होतं. माझ्या खांद्यावरून तिने ते वाचलं, बोलली काही नाही. घरी आल्यावर मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. आजही तसंच. माझ्या सर्टिफिकेटवर 'इंग्लिश प्रोफिशियंट' छापलेलं आहे. दर उड्डाणाला ते बरोबर असावं लागतं, आणि पाकिटात दिसलं की मला तो फॉर्म आठवतो.

म्हणून तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. मी आज उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, बसते आणि मला ते काम मनापासून आवडतं. पण निघायच्या आधी लॉगबुक घेऊन क्लबमध्ये जा, पानन् पान सही करून घे, सर तिथे आहेत तोवर. आणि कुठल्या व्हिसावर येणार ते मला कळव, मग पुढचं बोलू.