आधी गोठ्यात जा

कुडाळ, कार्तिक

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेश्मानियाच्या, म्हणजे कालाआजार करणाऱ्या परजीवीच्या, जनुकांवर काम करायचंय, तर जा बिहारला, अवश्य जा. कालाआजार तिकडचा, बिहार, झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेश. इथे त्याचा रुग्ण शोधत बसण्यात अर्थ नाही. पण जायच्या आधी एक हंगाम आपल्याकडच्या गोठ्यांत, तो पसरवणारी माशी शोधण्यात काढ.

परजीवी प्रयोगशाळेत नळीत वाढवता येतो. माशी अशी हाती लागत नाही. नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना १९२४ मध्ये कोलकात्यात फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस या सँडफ्लायच्या, म्हणजे याच माशीच्या, पोटात परजीवी वाढताना दिसले. पुढे कितीतरी वर्षं चाव्यातून आजार जातो हे काही सिद्ध होईना. अखेर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रुग्णाचं रक्त प्यायलेल्या माश्यांना मनुका खायला दिल्या. साखरेवर परजीवी इतके फोफावले की माशीचा घसाच तुंबला, आणि मग चाव्याबरोबर ते दुसऱ्याच्या अंगात उतरू लागले. १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी हे माणसांवर, स्वयंसेवकांवर, दाखवलं. (असला प्रस्ताव आज माझ्यापुढे आला तर मी सही करणार नाही.) माशी रक्ताखेरीज काय खाते, या एका प्रश्नापाशी सगळं अडलं होतं. जनुकांच्या तक्त्यात असले प्रश्न सापडत नाहीत.

ही माशी देशाच्या बऱ्याच भागात आहे, आजार मात्र मोजक्याच. भारतात कालाआजाराच्या परजीवीचा साठा माणसातच असतो. उपचारानंतर कातडीवर डाग उठलेले रुग्णसुद्धा माशीला परजीवी देऊ शकतात. म्हणजे नुसती माशी असून भागत नाही. बिहारला पोचलीस की हे फार उपयोगी पडेल.

आता कामाचं. किनाऱ्यावर संध्याकाळी फोडून काढतात त्या चिलटांच्या मागे लागू नकोस, ती वेगळी. पहाटे, दूध काढायच्या आधी, घरच्यांना विचारून गोठ्यात शिर. चिऱ्याच्या भिंतीतल्या भेगा, ओल, शेणाजवळचा कोपरा बघ. आपली माशी दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, बसताना पंख उभे धरणारी. हुसकावलीस तर लांब उडत नाही, टुणकन पुढे जाऊन बसते. ॲस्पिरेटरच्या, म्हणजे तोंडाने ओढून माशी पकडायच्या, नळीला आतून जाळी लाव, नाहीतर गोठ्याची धूळ थेट छातीत. एरंडेल लावलेले कागद रात्रभर टांगून ठेव, स्वस्तात काम होतं. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिही, अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. दोडामार्गकडे गेलीस तर काजूच्या बागेतून आडवाट धरू नकोस. २०१६ पासून तिकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीमुळे होतो.

नर आणि माद्या वेगळ्या बाटल्यांत ठेव. नर मागच्या टोकावरून ओळखू येतात, माद्यांना मात्र स्लाइड करून आतलं बघावं लागतं. पहिल्या स्लाइड एकटीने करू नकोस, मी येतो.

तुझा,
सर