गौण खनिज आणि एक हरवलेला आकर

एका ग्रामपंचायत सदस्याचा प्रश्न आला आहे. ‘आमच्या ग्रामसभेपुढे मुरुमाच्या खाणपट्ट्याचा विषय आहे. कागदांवर सगळीकडे "गौण खनिज" असं छापलंय. ज्या मुरुमासाठी अख्खी टेकडी जाणार, तो गौण कसा? ठरावात दुसरा शब्द लिहिता येईल का?’

उत्तराआधी दोन तक्रारी. सोबत पाठवलेल्या कागदात तीन ठिकाणी ‘खनीज’ आहे. खनि म्हणजे खाण, तिच्यात जन्मलेलं ते खनिज. पंकज, अंडज यांच्याच घरातलं. ‘बहीण’, ‘विहीर’ दीर्घ लिहितो म्हणून हेही दीर्घ असेल असं हाताला वाटतं, पण तो नियम मराठीच्या स्वतःच्या शब्दांचा. तत्सम शब्दाची वेलांटी आपल्या मर्जीने फिरवता येत नाही.

दुसरी तक्रार बातम्यांची. ‘दोन ट्रक अवैध मुरूम पकडला.’ मुरूम अवैध कसा असेल? टेकडीत होता तेव्हाही तो मुरूम होता आणि ट्रकमध्येही मुरूमच आहे. अवैध असतं ते उत्खनन, अवैध असते ती वाहतूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ४८वं कलम बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगतं तेही विनापरवाना काढणाऱ्या-नेणाऱ्या माणसाला, मुरुमाला नव्हे.

आता गौण. ‘बिनमहत्त्वाचं’ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. गौण हे गुणाचं लेकरू, आणि गुण म्हणजे दोरीचा पदर. द्विगुण, त्रिगुण मोजताना आपण अजूनही ते पदरच मोजत असतो. मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्यांनी, हाच गुण ‘प्रधान’ या शब्दासमोर उभा केला: यज्ञातलं मुख्य कर्म ते प्रधान, त्याच्या उपयोगी पडणारं ते गुण किंवा शेष. त्यांचा सूत्रकार जैमिनी, त्याला दोनच शब्द पुरतात: ‘शेषः परार्थत्वात्’. दुसऱ्यासाठी आहे म्हणून ते शेष. त्यात कुठे हलकेपणा आला?

माझं म्हणणं असं की आपला कायदा नकळत जैमिनीच्याच वाटेने गेला आहे. १९५७च्या खाणी व खनिजे अधिनियमात गौण खनिज म्हणजे इमारतीचा दगड, जाड रेती, साधी चिकणमाती आणि साधी वाळू, शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेने जाहीर करेल ते. पण वाळूला एक शेपूट आहे: ठरावीक कामांसाठी वापरली जाणारी वाळू सोडून. काचेच्या भट्टीत जाणारी वाळू त्या ‘सोडून’मध्ये होती. म्हणजे बांधकामावर गेली तर गौण, भट्टीत गेली तर नाही! मातीचंही तेच. फेब्रुवारी २०००च्या अधिसूचनेने बांध, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या कामात भरावाला किंवा सपाटीकरणाला वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली. पुढे पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की पायासाठी खणली एवढ्यावरून माती गौण खनिज होत नाही, तिचं पुढे काय केलं ते बघा. परार्थत्वात्! आणखी पुरावा हवा तर अभ्रक घ्या. १० फेब्रुवारी २०१५ला केंद्राने ३१ खनिजं एकदम गौण केली, त्यात अभ्रक होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये ते पुन्हा प्रमुख, म्हणजे गौण नसलेल्या, खनिजांच्या पंक्तीत जाऊन बसलं. दरम्यान अभ्रकाचा कणही बदलला नव्हता.

यावर ‘दुय्यम’ किंवा ‘लघु’ म्हणा असं सुचवणारे असतातच. दुय्यम म्हणजे दुसरा क्रमांक. पहिला कोणाचा ते सांगा आणि मग म्हणा. लघु तर सरळ चूक आहे, कारण टेकडी लघु नाही. उत्तर प्रदेशाने नियमांत ‘उपखनिज’ केलंय, ते वाचून मला खनिजाच्या शेजारी पाट टाकून बसलेलं काहीतरी दिसतं. आपला गौण बरा.

पण मंडळी, गौणाचं कौतुक किती करायचं? खरा माल प्रश्नातल्या ‘खाणपट्ट्या’त आहे. खाण आली खन् धातूपासून, इथवर शाळेतलं. त्याच धातूतून उंदराचं संस्कृत नाव आखु येतं, म्हणजे खणणारा. गणपतीचं वाहन हे आद्य विनापरवाना उत्खनक. किल्ल्याभोवतीचा खंदकही दिसतो खन्चाच, पण तो अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीतलं ‘कन्’ हे आपल्या खन्चं सख्खं चुलत भावंड. जग फिरून चुलत्याच्या घरी.

कौटिल्याकडे मात्र खाणीला दोन शब्द आहेत. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायात शंख, रत्नं, मोती, पोवळी यांच्यावर देखरेख ठेवणारा खन्यध्यक्ष आहे, आणि धातूंच्या खाणींवरचा आहे तो आकराध्यक्ष. आकर म्हणजे खाण. ‘आकरप्रभवः कोशः’, तिजोरी खाणीतून जन्मते, हे त्याच अध्यायाच्या शेवटी. आपल्या सरकारी मराठीने ‘खनिकर्म’ घेतलं आणि आकर सोडला. राहिला तो पंडितांच्या आकरग्रंथात आणि आपल्या काका-मामांच्या नावांत: रत्नाकर, पद्माकर, कमलाकर, कुसुमाकर. या सगळ्या खाणी आहेत, कुणाची रत्नांची, कुणाची कमळांची. (दिवाकर आणि प्रभाकर यांनी रांगेत घुसू नये. त्यांच्यात ‘आकर’ नाही, नुसता ‘कर’ आहे, करणारा.)

आणि आकर गेला कुठे? समुद्रावर. मकराचा मगर झाला, प्रकटचं प्रगट झालं, तसा आकराचा आगर झाला. मिठागर म्हणजे मिठाची खाण! कोकणातलं माडांचं आगर हीही खाणच, नारळांची. इथे ‘आगर हे आगारावरून आलं, मिठाचं कोठार ते मिठागर’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी उच्चार एकदा ऐकावा. कोष्ठागाराचं कोठार झालं, भांडागाराचं भांडार झालं. आगारातला शेवटचा आकार मराठीत कधी मरत नाही. मग एकट्या मिठाशेजारीच तो का मरेल? आणि अर्थही जुळत नाही. मिठागरात मीठ साठवत नाहीत, पिकवतात. माडाच्या आगरात नारळ साठवत नाहीत, पाडतात. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला ‘सर्व सुखाचें आगर’ म्हटलं, त्यात विठ्ठल सुखाचं गोदाम नाही. कितीही काढा, सरत नाही, ती खाण आहे. कौटिल्याने त्या बाराव्या अध्यायात आकराध्यक्षाबरोबर लवणाध्यक्षालाही बसवलंय, हे माझ्या मते योगायोग नाही. मीठ आणि धातू एकाच दप्तरात, कारण दोन्ही आकरातून. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडणार नाही.

सरकारी मराठीला उठता-बसता नावं ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: रॉयल्टीला ‘स्वामित्वधन’ हा शब्द ज्याने काढला, त्याचे पाय धरावेत. १९८९ साली तामिळनाडूतल्या पंचायतींच्या उपकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय रॉयल्टीला कर म्हणालं. जुलै २०२४मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते मोडून काढलं: हा कर नाही, पट्टेदार खनिजाच्या मालकाला देतो तो मोबदला आहे. म्हणजे स्वामित्वाचं धन. शब्द आधीच बरोबर होता. गावात मात्र ‘रॉयल्टी दाखव’ म्हणजे पावती दाखव, त्याला इलाज नाही.

हां, तुमचा ठराव. शब्द बदलू नका. अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात असाल तर १९९६च्या पेसा कायद्यात ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक केली आहे ती गौण खनिजांच्या पट्ट्यासाठी. तुम्ही ‘दुय्यम’ लिहिलंत तर समोरचा वकील तेवढ्यावर तास काढेल. ‘गौण खनिज’ असंच लिहा, नि ऱ्हस्व, आणि त्यापुढे किती ब्रास, कोणता गट नंबर, मुरूम कशासाठी जाणार, हे लिहायला लावा.